महापौर बाहेर गेले

आधीच सांगून टाकते, मला जुन्या इमारतींचा सोस नाही. आमच्या शहराच्या हेरिटेज कमिटीवर मी गेले ती डगच्या आग्रहामुळे. डग म्हणजे आमचा इन्शुरन्सवाला, आणि कमिटीचा चेअर. "वनिता, यू आर सो ऑर्गनाइज्ड," म्हणाला. खरी गोष्ट अशी होती की कमिटीतले सगळे चेहरे एकाच रंगाचे होते आणि कुणीतरी ते सिटी हॉलमध्ये बोलून दाखवलं होतं. मला काय कळत नाही होय? पण बोलावलं, म्हणून गेले. आणि गेले ती फाइल वाचून गेले. बाकीचे मीटिंगला येऊन फाइल उघडतात.

शहर छोटं, प्रांताची राजधानी रेजिना तिथून तासाभरावर. मी रेजिनाला लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासते, आठवड्यातून चार दिवस जाऊन-येऊन. आम्ही नवराबायको नागपूरचे. चौदा विंटर काढले इथे.

गेल्या वर्षी कमिटीपुढे पंपहाउसचा विषय आला. रेल्वेलाइनच्या कडेला लाल विटांची एक बुटकी इमारत आहे, १९११ साली बांधायला घेतलेली. घरोघरी पाइप येण्याआधी तिच्या बाहेरच्या नळावर सगळं गाव पिंपं भरायला यायचं. आता आत काही नाही, कबुतरं आहेत. सिटीने ठरवलं की इमारत दुरुस्त करायची आणि बांधणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी लावायची. बांधणारा विल्यम हॅरॉप. तोच तेव्हाचा महापौर. कंत्राट महापौर होण्याआधीचं, काम मात्र पुढे दोन वर्षं चाललं. हे खरं आहे, मी तपासलंय.

हॅरॉप इंग्लंडमधल्या लँकशायरचा. अकराव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली लागला. १९०३ साली, एकोणतिसाव्या वर्षी, बायको, दोन मुलं आणि हत्यारांची पेटी घेऊन इथे उतरला. तेव्हा इथे एक स्टेशन, एक दुकान आणि नजर पोचेल तिथवर गवत. पहिला विंटर त्यांनी तंबूत काढला, भोवती पेंढा रचून. धाकटी मुलगी त्यातच गेली. दोन वर्षांत त्याने स्वतःची वीटभट्टी घातली आणि पुढच्या आठ वर्षांत बँक, शाळा, फायर हॉल, दोन चर्च आणि साठेक घरं उभी केली. वीट हातात घेऊन थापीने वाजवायचा. खणखणीत वाजली तर भिंतीत, बद्द वाजली तर बाहेर. आपल्याकडचे जाणते गवंडीही असंच करतात. त्याने फेकलेल्या विटांतून लोकांनी कोंबड्यांची खुराडी बांधली.

१९११ ला तो बिनविरोध महापौर झाला, १९१२ ला परत. १९१३ ला जमिनीचे भाव कोसळले, बांधकामं बंद पडली आणि हॅरॉप स्वतःचं घर विकून दोन खोल्यांत राहायला गेला. १९१५ मध्ये सिटीने त्याला नोकरी दिली ती पंपहाउसवर, पंपमनची. स्वतः बांधलेल्या इमारतीत कोळसा टाकायचा, नळ सोडायचा, रोजची नोंद लिहायची. सोळा वर्षं केलं त्याने ते काम. माजी महापौर नळावर उभा आणि गाव पिंपं घेऊन रांगेत. कुणी हसलं असेल तर त्याने ते लिहून ठेवलेलं नाही.

पाटीचा मजकूर लिहायला घेतला मार्जोरीने. मार्जोरी हॅरॉप त्याची नात, वय त्र्याऐंशी, शाळेतून रिटायर झालेली, कमिटीवर वीस वर्षं. मीटिंगला खजुराचे स्क्वेअर्स, म्हणजे चौकोनी वड्या, करून आणते आणि मी दोन घेतल्याशिवाय डबा बंद करत नाही. माणूस म्हणून मला ती फार आवडते. आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले, पण त्यांचा फोटो तिच्या हॉलमध्ये आहे. तिच्या मजकुराचं शेवटचं वाक्य होतं, त्यांनी या शहरातल्या प्रत्येकाला पाणी दिलं.

मी पडले लॅबवाली. 'प्रत्येक' हा शब्द दिसला की मी तपासते. मोडता घालायचा म्हणून नाही, सवयच आहे. लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये काउन्सिलची जुनी इतिवृत्तं आहेत. तीन शनिवार मी तिथे जाऊन बसले.

सहा फेब्रुवारी १९१२. विषय, ली विंग यांची लाँड्री. गावात एकच चिनी माणूस, तो लोकांचे कपडे धुवायचा, त्याला पाणी लागायचं. ठराव असा की या माणसाने गावच्या नळावर पाणी भरू नये. कारण दिलेलं नाही. त्या विषयावरची नोंद मी इथे मराठीत सांगते. महापौर म्हणाले, पंपहाउसचं कंत्राट माझ्याकडे असल्याने नळासंबंधीच्या विषयावर मला बसता येत नाही. महापौर बाहेर गेले, वेळ आठ वाजून दहा मिनिटं. मतं पडली तीन विरुद्ध तीन. खुर्चीत उपमहापौर बसला होता, त्याने अध्यक्षाचं जादा मत टाकलं आणि ठराव पास झाला. महापौर परत आले, आठ पंचवीस. पुढचा विषय, भटकी कुत्री.

आधीच्या दोन बैठकांत हाच विषय, मतदानाशिवाय, नुसता चर्चेला निघाला होता आणि हॅरॉपने स्वच्छ शब्दांत विरोध केला होता. तो खुर्चीत असता तर ठराव पडला असता. पण तो नियमाने बाहेर गेला. पंधरा मिनिटं कॉरिडॉरमध्ये उभा राहिला असेल, हातात हॅट घेऊन.

इथवरही मी काही बोलले नसते. पण मग मला पंपहाउसचं नोंदबुक सापडलं. हॅरॉपचं अक्षर मोत्यासारखं. रोजचं तापमान, कोळसा किती, पाणी किती. आणि मधेमधे एक ओळ, 'ली विंग आला. परत पाठवला.' उणे एकतीस, ली विंग आला, परत पाठवला. उणे अठ्ठावीस, आला, परत पाठवला. ही नोंद ठेवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ठरावात तसं काही नाही. १९१५ ते १९२२, मी मोजल्या, दोनशे अकरा वेळा. ली विंग गावाबाहेरच्या ओढ्यावरून पाणी आणायचा. ओढा गोठला की नळावर यायचा, नाही ऐकायचा, परत जायचा आणि बर्फ वितळवायचा. १९२२ च्या नोव्हेंबरात शेवटची नोंद आहे. 'ली विंगचं दुकान बंद झालं, ठराव अजून लागू.'

मी बेसमेंटमध्ये बसून रडले. राग येऊन रडले. त्या गावाचा राग, उपमहापौराचा राग आणि सगळ्यात जास्त या सभ्य माणसाचा.

कमिटीत मी सुचवलं की मजकुरातलं 'प्रत्येकाला' काढायचं आणि त्या जागी एक वाक्य घालायचं. १९१२ च्या ठरावाने ली विंग यांना या नळाचं पाणी नाकारण्यात आलं आणि पंपमन म्हणून हॅरॉप यांनी तो ठराव सात वर्षं पाळला. बस, एवढंच. मार्जोरीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "माझे आजोबा त्या ठरावाच्या विरुद्ध होते." मी म्हटलं, "हो, तेही लिहू या." ती म्हणाली, पाटी म्हणजे कोर्ट नाही. डग मधे पडला. म्हणाला, कमिटीतल्या कमिटीत हे नको, बाहेरून, एखाद्या कम्युनिटी ग्रुपकडून लेखी सूचना आली तर मतदानाला घेऊ. त्याला वाटलं असेल की अशी सूचना कोण करणार! ली विंगचं इथे कुणीही नाही. त्याची बायको चीनमध्येच राहिली होती, तिला आणायला आधी सरकारचा पाचशे डॉलरचा कर होता, पुढे परवानगीच बंद झाली.

आमचं रेजिनाला आंबेडकर असोसिएशन आहे. साठेक घरं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कपिलच्या बेसमेंटमध्ये जमतो. कपिल आमचा सेक्रेटरी, सरकारी खात्यात ऑडिटर. आधी वंदना, मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं, मग विषय, मग जेवण. इतिवृत्त कायम झाल्याशिवाय कुणी पोळीला हात लावत नाही. इथली इतर मंडळं बघा, गणपती आणि गरबा करतात, हिशोबावरून भांडतात आणि फुटतात. आमच्यात भांडणं आहेतच, पण तीही नियमाने, हात वर करून. बाबासाहेबांच्या माणसांना घटनेचं काय शिकवायचं!

मी नोंदबुकातल्या ओळी वाचून दाखवल्या. भाऊसाहेब उठले. आमच्यात सगळ्यात वडील, एक्याऐंशी वर्षांचे, वर्ध्याकडचे, मुलाकडे राहतात. लहानपणी गावच्या विहिरीवर कुणीतरी येऊन वरून ओंजळीत पाणी ओतेपर्यंत ते उन्हात थांबलेले आहेत. ते त्यांनी कधी रंगवून सांगितलं नाही आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सूचना मी मांडतो. त्या माणसाचं कोणी नाही, तर आपण लिहू." कपिलने विचारलं, अनुमोदन? माझा हात वर गेला. बेसमेंटमध्ये सतरा हात होते, कुणाचाही चालला असता. पण माझाच पहिला गेला, सवयीने.

आणि इथे कपिलने घोळ घातला. सिटीला पत्र पाठवायचं तर पानभर पत्र पुरे होतं. पण कपिल कसला ऐकतोय! त्याने पत्राला सभेचं अख्खं इतिवृत्त जोडलं, हजेरीपटासकट, इंग्रजी भाषांतर करून, शिक्का मारून. सूचक भाऊसाहेब, अनुमोदक वनिता. मी फोनवर त्याला फाडून खाल्लं. तो बिचारा गोंधळून गेला. "ताई, ठराव रीतसर झाला हे दाखवायला नको का? नाहीतर म्हणतील, एका माणसाने घरी बसून लिहिलं." त्याचंही खरं होतं. आमचं काहीही कागदावर पक्कं असल्याशिवाय कुणी मानलेलं नाही, त्यामुळे आम्ही जास्तीचे कागद जोडतो. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीही नसती.

कमिटीचा नियम सरळ आहे. सूचना करणाऱ्या संस्थेशी सभासदाचा संबंध असेल तर त्याने तसं सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाहेर जायचं. आम्ही पाच जण. मी, डग, मार्जोरी, एक तरुण आर्किटेक्ट आणि एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई. आर्किटेक्ट आणि पोस्टमास्तरीणबाई वाक्याच्या बाजूने, डग आणि मार्जोरी विरुद्ध, हे सगळ्यांना माहीत होतं. मी बाहेर गेले की दोन-दोन, आणि बरोबरी झाली की सूचना पडली. मी आत राहिले तर वाक्य पाटीवर आणि डाग माझ्या नावावर.

घरी नवरा, हर्षवर्धन, म्हणाला, "यात विचार काय करायचा? बाहेर जायचं." त्याचं चुकत नव्हतं. आम्ही दोघंही याच शिकवणुकीत वाढलो. माझे वडील पोस्टात होते. ऑफिसची टाचणीसुद्धा घरी आणली नाही त्यांनी. म्हणायचे, आपल्यावर बोट ठेवायला जागा द्यायची नाही. पंचेचाळीस वर्षं मी ती जागा दिलेली नाही. पार्किंगच्या दंडाची चिठ्ठीसुद्धा नाही माझ्या नावावर. माझ्यापाशी दुसरं काय आहे? हे एकच आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

मीटिंग नोव्हेंबरात झाली. बाहेर उणे वीस. डगने इतिवृत्ताचा कागद वर धरला आणि अगदी अदबीने म्हणाला, "वनिता, आय बिलीव्ह यू सेकंडेड धिस." मी म्हटलं, हो. खुर्ची मागे सरकवली, उठले. बॅग घेतली. सिटीची क्लार्क कोपऱ्यात बसून लिहीत होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ लिहिली. सात बेचाळीस.

ते तिचं घड्याळाकडे पाहणं मला सहन झालं नाही. मला स्वच्छ दिसलं की शंभर वर्षांनी कुणीतरी बेसमेंटमध्ये बसून हे वाचेल. सभासद बाहेर गेल्या, सात बेचाळीस. सभासद परत आल्या, सात पन्नास. पुढचा विषय. आणि वाचणारी म्हणेल, बाई सभ्य होती.

मी परत बसले. क्लार्कला म्हटलं, "खोडा ते. असं लिहा की या विषयात माझा हितसंबंध आहे. मी तो सांगितला आहे. आणि मी बाहेर जाणार नाही."

डगने कागद खाली ठेवला. म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम मला तुझ्याहून जास्त माहीत आहे, मी तो मोडतेय, हेही लिहा. मतदान झालं. तीन विरुद्ध दोन. मार्जोरीने आपला डबा उचलला आणि न उघडताच पिशवीत ठेवला.

पुढचं अपेक्षेप्रमाणे. दहा दिवसांत सिटीचं पत्र आलं. आचारसंहितेचा भंग, मतदान रद्द, माझं सभासदत्व रद्द, जानेवारीत उरलेले चार जण पुन्हा मत देतील. गावच्या साप्ताहिकात पाच ओळींची बातमी नावासकट आली. लॅबमध्ये कुणी काही बोललं नाही, पण कॉफीच्या मशीनपाशी दोघी एकदम हवापाण्यावर बोलायला लागल्या. मला लाज वाटली. खोटं कशाला सांगू, फार लाज वाटली. वडील हयात नाहीत याचं त्या आठवड्यात मला बरं वाटलं.

डिसेंबरच्या सभेत असोसिएशनने माझ्यावर नापसंतीचा ठराव घेतला. कुणी मांडावा? भाऊसाहेबांनी. उभे राहून म्हणाले, "वनितानं नियम मोडला. मोडणं त्यांना परवडते, आपल्याला नाही. नापसंती नोंदवावी." एकमताने पास. मीही हात वर केला, काय करणार! जेवताना ते माझ्याशेजारी येऊन बसले. वरणात भात कालवत हळूच म्हणाले, "पोरी, मी बी उठलो नसतो." मी म्हटलं, मग ठराव काहून मांडला? तर म्हणाले, "तुझं चुकलंच ना. चुकलं ते लिहाले पाहिजे." आणि माझ्या पानात आपल्या हाताने लोणचं वाढलं.

जानेवारीच्या मीटिंगला मी मागच्या खुर्च्यांवर बसले, साधी नागरिक म्हणून. तेवढा हक्क कुणी काढून घेतलेला नव्हता. भाऊसाहेबांना घेऊन कपिल रेजिनाहून आला, हायवेवर बर्फ भुरभुरत असताना. आम्ही तिघं रांगेत बसलो. दोन-दोन होणार हे ठरलेलंच होतं. तरी आलो. बघायला तरी कुणी हवं.

डगने विषय पुकारला. मार्जोरीने हात वर केला. दोन महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. ग्रोसरीत दिसली तर सामानाची गाडी दुसऱ्या रांगेत वळवायची. आता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "यात माझा हितसंबंध आहे. विल्यम हॅरॉप माझे आजोबा."

डग म्हणाला, "मार्जोरी, सगळ्यांना माहीत आहे ते. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली. वॉकर पुढे घेतला आणि उठली. वॉकरची चाकं कार्पेटवर अडकत होती. दारापर्यंत पोचायला तिला मिनिटभर लागलं. क्लार्कने वेळ लिहिली. आर्किटेक्ट आणि पोस्टमास्तरीणबाईंनी हात वर केले. मग डगने विरुद्ध म्हणून आपला एकट्याचा. दोन विरुद्ध एक, सूचना पास. भाऊसाहेबांनी कपिलला विचारलं, "झालं का?" कपिलने मान हलवली.

मी बाहेर गेले. मार्जोरी कॉरिडॉरमधल्या बाकावर कोट घालून बसली होती. हातमोजे मांडीवर. मी शेजारी बसले.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. दोन विरुद्ध एक. वाक्य पाटीवर येणार."

मग एक एक बोट नीट बसवत तिने हातमोजे घातले.

"मी आत असते तर नाहीच म्हटलं असतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आता म्हटलं असतं, पुढच्या वर्षी म्हटलं असतं, मरेपर्यंत म्हटलं असतं. ते माझे आजोबा आहेत, वनिता. माझ्याच्याने हो म्हणवणार नाही." तिचे डोळे भरले होते आणि ते तिने पुसले नाहीत. "म्हणून उठले."